मदत हवी आहे: सुरूची झाडं एकामागून एक वाळतायत

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत सुरूची ७ झाडं आहेत, साधारण २० वर्षांची. पावसाळ्यानंतर २ पूर्ण वाळली, तिसरं शेंड्याकडून पिवळं पडतंय. खोडाची साल फोड आल्यासारखी फुगलीय. नखाने उकलली की आत काजळीसारखी काळी भुकटी, बोटांना चिकटते. भोकं, भुसा काही नाही, म्हणजे खोडकिडा नसावा. बुंध्याशी अळंबीही नाही. पाणी तुंबत नाही, जवळ खोदकाम झालेलं नाही. बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावली, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) घातला. महिना झाला, फरक शून्य. तोडायला महापालिकेची परवानगी लागते, पण तो विचार अगदी शेवटी. उरलेली ४ काहीही करून वाचवायची आहेत. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात नमुना दाखवावा म्हणतोय. त्यासाठी वाळलेली साल न्यायची, की जिवंत आणि मेलेल्या भागाच्या सीमेवरचा तुकडा? मुळं-मातीही लागेल का?