चित्र बघायचं की चित्राखालची पाटी वाचायची?

शेवटची लाँच:
शाळेच्या सहलीपासून घारापुरीच्या (एलिफंटा) लेण्यांतल्या त्रिमूर्तीला मी ब्रह्मा-विष्णू-महेश समजत आलो. चाळिशीत कळलं, तिन्ही मुखं एकट्या शिवाचीच. गेल्या रविवारी ते डोक्यात ठेवून परत गेलो. समोर उभं राहिलं की डावीकडे अघोर, म्हणजे उग्र शिव: मिशा, आठ्या, हातात नाग. उजवीकडे वामदेव, म्हणजे सौम्य शिव, चेहरा जवळपास बाईचा, हातात कमळ. आणि मधला तत्पुरुष डोळे मिटून, जणू या दोघांशी आपला काही संबंधच नाही. सहाव्या शतकातलं जवळजवळ १८ फुटांचं काम, आणि मी इतकी वर्षं त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होतो! पार्श्वभूमी कळल्याशिवाय कला निम्मीच दिसते, असं माझं मत झालंय. पटतं का?

कोरी पाटी:
नाही पटत. तुम्हाला मूर्ती दिसली, की माहिती बरोबर निघाल्याचा आनंद झाला? मिशा आहेत, टिक. कमळ आहे, टिक. आधी चुकीची यादी तपासत होतात, आता बरोबर यादी तपासताय. अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांनी बहुतेक चित्रांना नावंसुद्धा दिली नाहीत. तरी त्यांचं चित्र लागलं की पहिला प्रश्न काय? लिलावात किती कोटींना गेलं! हीसुद्धा पार्श्वभूमीच की. जहांगीर आर्ट गॅलरीत लोक चित्राआधी पाटीपाशी वाकतात.

ओला कॅनव्हास:
बाजारभावाला पार्श्वभूमी म्हणू नका हो. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, काढायचे. हे कुणी सांगितलं नसतं तर मीही 'पिवळा आहे, बरं' म्हणत पुढे सरकलो असतो. आता खालचा थर कुठून डोकावतो ते शोधत उभा राहतो. सोबतचे कंटाळतात, ते सोडा.

कोरी पाटी:
हे मान्य. ही माहिती डोळ्यांना कामाला लावते. माझं भांडण पुराणं आणि चरित्रं यांच्या गठ्ठ्याशी आहे.

डहाणू लोकल:
हे सगळं गॅलरीतलं भांडण. आमच्या भागात वारली लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे नक्षीदार चौकट, लिहितात. हो, लिहितात, काढतात असं म्हणत नाहीत. आत पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. त्या चौकाशिवाय लग्न नाही. अंधेरीला माझ्या सोसायटीत एका दारात तोच चौक पायपुसण्यावर छापलाय, देवीसकट. रोज पाय पुसतात, वर 'डिझाइन किती गोड' म्हणतात. कोऱ्या पाटीचं हे असं होतं.

कोरी पाटी:
पायपुसणं वाईटच. पण ती अदब झाली, रसिकता नव्हे. माहीत असलेला माणूस पाय पुसणार नाही, पण चित्र त्याला आवडेलच असं कुठाय?

डहाणू लोकल:
आधी पाय तर उचला, आवडीचं मग बघू.

शेवटची लाँच:
कोरी पाटी, ते यादीचं जरा लागलं. कारण खरंच मोबाईलमध्ये वाचत, मान वर-खाली करतच मुखं ओळखली मी. पुढच्या रविवारी येता का? (सोमवारी लेणी बंद.) आधी काही सांगणार नाही.

कोरी पाटी:
मूर्तीपुढे दहा मिनिटं गप्प बसून दाखवा, लाँचचं तिकीट माझ्याकडून.