पासवर्ड एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टाकला म्हणजे सेफ झाला का?

रात्रपाळी: टीममधल्या नव्या मुलाने स्क्रिप्टच्या कमांड लाइनवरचा पासवर्ड काढून एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला सुरू होताना सोबत मिळणाऱ्या नाव-किंमतीच्या यादीत, टाकला आणि म्हणाला आता सेफ झालं. मला हे अजिबात पटत नाही. लिनक्समध्ये एक्झेक झालं, म्हणजे प्रोग्रॅम चालू झाला, की कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, नव्या प्रोसेसच्या स्टॅकच्या (तिच्या मेमरीचा एक भाग) अगदी वरच्या टोकाला आधी आर्ग्युमेंटच्या, म्हणजे कमांड लाइनवर दिलेल्या शब्दांच्या, स्ट्रिंग ठेवतं आणि त्यांना चिकटून एनव्हायर्नमेंटच्या, मधे भिंत वगैरे काही नाही. आर्गव्ही आणि एनव्हीपी या याद्या म्हणजे त्या स्ट्रिंगचे नुसते पत्ते. अनसेटएनव्ही करून व्हेरिएबल काढलं तरी यादीतला पत्ता जातो, अक्षरं तिथेच राहतात, प्रोग्रॅम कोसळून त्याच्या मेमरीची नक्कल, म्हणजे कोअर डंप, पडला की त्यातही येतात.

लॅबअ‍ॅडमिन: शेजारी आहेत हे मान्य, पण दादा, बघू कोण शकतं ते महत्त्वाचं ना? प्रॉकमधली, म्हणजे चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधली, सीएमडीलाइन फाइल डिफॉल्टला कुणीही वाचू शकतो, एनव्हायरन फाइलची परमिशन 0400, म्हणजे तोच युजर नाहीतर रूट, सिस्टमचा मुख्य युजर. आमच्या लॅबच्या सर्व्हरवर पोरं पीएस, म्हणजे चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड, मारायची आणि दुसऱ्यांचे डेटाबेसचे पासवर्ड समोर यायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे हा फरक किरकोळ आहे असं मला कुणी सांगू नये.

रात्रपाळी: मग प्रॉक हायडपीआयडी 2 हा दुसऱ्यांच्या प्रोसेस लपवणारा पर्याय लावून माउंट कर, कर्नल 3.3 पासून आहे, दुसऱ्याची सीएमडीलाइन दिसणारच नाही. आणि वारशाचं काय? आर्ग्युमेंट त्या एका प्रोसेसपुरतं असतं, एनव्हायर्नमेंट मात्र तू मुद्दाम गाळलं नाहीस तर प्रत्येक चाइल्डकडे, म्हणजे त्या प्रोसेसने सुरू केलेल्या प्रोसेसकडे, जातं, फोटो लहान करायला जो बाहेरचा प्रोग्रॅम बोलावतोस त्याच्याकडेसुद्धा.

डीबीएताई: तुम्ही दोघंही ती मेमरी जशीच्या तशी राहते असं धरून चाललाय, पण ती प्रोसेसची स्वतःची आहे, लिहिता येते. मायएसक्यूएल या डेटाबेसचा क्लायंट सुरू होताच आर्ग्युमेंटमधला पासवर्ड पुसतो, फक्त त्याआधीच्या क्षणात पीएस मारलं तर दिसतोच. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर तर पीएसमध्ये वर्कर प्रोसेस असं नाव दाखवण्यासाठी आर्गव्हीवरच लिहितो, जागा पुरत नाही म्हणून एनव्हायर्नमेंट आधी दुसरीकडे कॉपी करतो आणि ती जागाही वापरतो. दोन्ही मिळून एकच पट्टा असल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. उलट सेटएनव्हीने नंतर, प्रोग्रॅम चालू असताना, टाकलेली व्हॅल्यू हीपमध्ये, म्हणजे मेमरीच्या वेगळ्या भागात, जाते, एनव्हायरन फाइलमध्ये येतच नाही, म्हणून ती फाइल बघून पासवर्ड नाही असं ठरवू नका.

लॅबअ‍ॅडमिन: ताई, हे माहीत नव्हतं, पण मग करायचं काय?

डीबीएताई: 0600 ची, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी, फाइल, नाहीतर पाइपमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून थेट, स्टँडर्ड इनपुटवर. वाचून झालं की बफर, म्हणजे वाचलेलं जिथे ठेवलं ती मेमरी, स्वतः पुसायचा.

लॅबअ‍ॅडमिन: आमचं जुनं बॅकअप टूल फाइल घेतच नाही, एनव्हायर्नमेंट नाहीतर कमांड लाइन, दोनच रस्ते. बॅकअप रोज रात्री चाललाच पाहिजे. मी एनव्हायर्नमेंटच ठेवणार, बॅकअपसाठी वेगळा युजर करून, आणि कमांड लाइनला माझा विरोध कायम.

रात्रपाळी: वेगळा युजर करतोयस तर माझी हरकत निम्मी गेली. पण त्या मुलाला सेफ हा शब्द मी वापरू देणार नाही.