प्रति: एवढं गुरुत्वाकर्षण असून ढग कोसळत का नाही?

वर कोणीतरी विचारलंय की गुरुत्व एवढं ओढतं तर ज्यात तारे जन्मतात तो अंतराळातला गॅसचा अख्खा ढग एकदम कोसळत का नाही. प्रश्न रास्त आहे, कारण आकाशगंगेतले थंडगार ढग (१० केल्विनच्या, म्हणजे उणे २६३ सेल्सिअसच्या आसपास) नुसत्या वजनाने कोसळले असते तर वर्षाला शेकडो सूर्यांच्या वस्तुमानाएवढे तारे झाले असते, प्रत्यक्षात होतात एक-दोन सूर्यांएवढेच. ढगाला सावरून धरतो तो टर्ब्युलन्स, म्हणजे गॅसची आतली खळबळ. जेम्स जीन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या १९०२ च्या गणितात गुरुत्व विरुद्ध गॅसचं प्रेशर एवढंच होतं, टर्ब्युलन्स नव्हताच.

पण टर्ब्युलन्स फक्त अडवतो हे अर्धंच झालं हं. ढगातला गॅस ध्वनीपेक्षा जोरात धावतो, झोत एकमेकांवर आदळले की शॉकमुळे (धक्क्याच्या लाटेमुळे) गॅस दाबला जातो, लांबच लांब धागे बनतात आणि त्यातल्या दाट गाठींत मग गुरुत्वाचंच राज्य. जानेवारीत काणकोणला किनाऱ्यावर जाऊन साधी दुर्बीण मृगातल्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली लावा, (पणजीत दिव्यांमुळे धड दिसत नाही) धुरकट ठिपका दिसेल, तो असाच तारे घडवणारा ढग (ओरायन नेब्युला), सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर, तिथे हेच चाललंय.

आता खरी गोची म्हणजे ही खळबळ आपोआप विझते, मग तिला खतपाणी कोण घालतं, सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट), नव्या ताऱ्यांचे झोत की ढगाचं स्वतःचं आकुंचन, यावर अजून भांडणं चालूच आहेत. मॅग्नेटिक फील्ड तर मी काढतच नाही, चर्चा तिथेच अडकेल.