तारीख चुकली की दोष टंकणाऱ्याचाच?

पाटीपेन्सिल: "एक्सेल तारखा चुकवत नाही, टंकणारा चुकवतो. रकाना आधी टेक्स्ट (साधा मजकूर) करून घ्या आणि रडगाणं थांबवा," असं अधिकमास यांनी काल ठणकावलं. फार लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे तपासण्यांच्या नोंदींची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाईल, आली. डबलक्लिक करून उघडली. माझ्या मशीनवर महिना आधी, फाईलमध्ये दिवस आधी. 03/04 म्हणजे 3 एप्रिल, त्याचा गुपचूप 4 मार्च झाला. 13/04 ला तेरावा महिना सापडेना, म्हणून तो टेक्स्ट होऊन सेलच्या डाव्या कडेला चिकटला. म्हणजे 12 तारखेपर्यंतचं सगळं उलटं, पुढचं सगळं मुकं. कागदाशी ताडून बघण्यात तीन दिवस गेले. यात मी टंकलं काय? आणि रकाना 'आधी' टेक्स्ट करायचा तो कधी? फाईल डोळ्यांना दिसते तेव्हा बदल होऊन गेलेला असतो.

अधिकमास: सीएसव्ही डबलक्लिकने उघडायचीच नसते. डेटा टॅबमधून आत घ्या, तिथे रकान्याचा क्रम दिवस-महिना-वर्ष सांगता येतो. हत्यार वापरायला शिकायचं नाही आणि बोट कापलं की सुरीला शिव्या!

दशांशचिन्ह: मग जनुकशास्त्रज्ञही अडाणीच म्हणायचे. मार्च1, सेप्ट2 या जनुकांच्या नावांच्या तारखा होत होत्या. 2016 मध्ये तपासलं, तर एक्सेलमध्ये जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळजवळ पंचमांशात ही घाण निघाली. शेवटी 2020 मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली: मार्चएफ1, सेप्टिन2. सॉफ्टवेअर हटलं नाही, विज्ञान हटलं.

जुनं_खोड: ज्या एक्सेलला 29 फेब्रुवारी 1900 ही तारीख खरी वाटते, त्याच्याकडून काय अपेक्षा? शतकाच्या वर्षाला 400 ने भाग गेला तरच ते लीप; 1900 ला जात नाही, ते लीप वर्ष नव्हतंच. एक्सेल तारीख दिवसांच्या क्रमांकाने साठवतं, 1 जानेवारी 1900 म्हणजे 1; त्यात क्रमांक 60 म्हणजे तोच नसलेला दिवस. 1 जानेवारी 1900 चा वार विचारा, रविवार सांगेल. होता सोमवार.

अधिकमास: हे उगाळून उगाळून गुळगुळीत झालंय. चूक लोटस 1-2-3 ची, एक्सेलआधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रामची. त्याच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती घेतली. आज सुधारली तर जगातल्या जवळजवळ प्रत्येक फाईलमधली तारीख एका दिवसाने सरकेल. चालेल?

जुनं_खोड: गूगल शीट्सने काय केलं बघा. शून्य 30 डिसेंबर 1899 ला धरला. 1 मार्च 1900 दोन्हीकडे 61 च येतो आणि खोटा दिवस पाळावा लागत नाही. वाट होती, धरली नाही.

अधिकमास: आणि त्या साठ दिवसांतल्या तारखा दोघांत जुळत नाहीत, त्याचं काय? कुणाचं काम अडलंय 1900 च्या फेब्रुवारीवाचून?

जुनं_खोड: माझं! घराण्याची वंशावळ मांडतोय. 1900 च्या आधीची एकही तारीख एक्सेल तारीख म्हणून घेत नाही. पणजोबांचं वय काढायला मी कागद-पेन घेतलं. तुमचं अडत नाही म्हणून कुणाचंच अडत नाही, हा कुठला न्याय?

दशांशचिन्ह: 1904 विसरलात. जुन्या मॅकवरच्या फायलींची मोजणी 1904 पासून. तशा फाईलमधल्या तारखा 1900 पासून मोजणाऱ्या साध्या फाईलमध्ये चिकटवल्या आणि सगळ्या 1,462 दिवसांनी मागे गेल्या. चार वर्षं आणि एक दिवस. तो एक दिवस तुमच्या लाडक्या 29 फेब्रुवारीचा.

पाटीपेन्सिल: 1900 वर भांडा खुशाल, पण माझा प्रश्न तसाच आहे. न विचारता बदल का करायचा?

अधिकमास: ठीक. सीएसव्ही उघडताना विचारायला हवं, एवढं मान्य. 'रडगाणं' मागे घेतो. पण 2023 पासून आपोआप होणारा बदल बंद करायची सेटिंग आली आहे, ती तरी बघा.

पाटीपेन्सिल: बघितली. ती अक्षरं आणि अंक जोडून आलेल्या मजकुरासाठी आहे, मार्च1 सारख्या. माझ्या 03/04 मध्ये अक्षर कुठंय?

अधिकमास: नाही. तिथे डेटा टॅबच.