मदत हवी आहे: दात काढून ब्रेसेस की न काढता?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, पलासियाजवळ राहतो. लेक १६ वर्षांची, समोरचे वरचे दात थोडे पुढे आहेत आणि खालचे दाटीवाटीने, साधारण ४ मिमी जागा कमी पडते असं सांगितलंय.

दोन ऑर्थोडॉन्टिस्टना दाखवलं. एक म्हणतात सुळ्यांमागचे चार दात काढून सगळं मागे घेऊ, दुसरे म्हणतात काढायची गरज नाही, दातांच्या मधून थोडं थोडं घासून जागा करू. ओपीजी (सगळ्या दातांचा एक्स-रे) आणि सेफ (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) दोन्ही झालेत, अक्कलदाढा अजून हाडातच आहेत, हिरड्या ठीक, ओठ न ताणता मिटतात.

माझी अडचण चेहऱ्याची आहे. सेफच्या रिपोर्टमध्ये नाक आणि वरच्या ओठातला कोन ११२ अंश आलाय, साधारण ९० ते ११० चालतो म्हणे, म्हणजे तो आधीच जरा जास्त आहे, त्यात नाक बाबांवर गेलंय आणि हनुवटी लहान. दात मागे गेले की ओठही थोडे मागे जातात, मग नाक अजून मोठं दिसेल का ही धास्ती. पहिल्या डॉक्टरांना विचारलं तर "स्माइल छान येईल" एवढंच, बाजूने कसं दिसेल ते नाही सांगितलं. सासूबाईंचं तर वेगळंच, पक्के दात काढायचेच कशाला!

अलाइनर (तारांऐवजी घालायचे पारदर्शक साचे) बजेटमध्ये नाहीत, जबड्याचं ऑपरेशन नकोच.

असा कोन असताना कुणाचे चार दात काढलेत का, नंतर बाजूने चेहरा कसा दिसला? आणि हो म्हणण्याआधी डॉक्टरांकडून नेमकं काय लिहून किंवा दाखवून घ्यावं?