पुण्यात रस्त्याकडेच्या हिरवळीऐवजी रानफुले रुजतील का?

प्रश्न : आमच्या गृहसंस्थेसमोरची रस्त्याकडेची हिरवळ उन्हाळाभर टँकरच्या पाण्यावर जगवावी लागते, याचे मला फार वाईट वाटते. तिथे देशी रानफुले रुजतील का?

उत्तर १ : रुजतील. मात्र हिरवळ मुळासकट काढावी आणि शेणखत घालू नये, कारण सुपीक मातीत उंच गवत माजते व तेरडा, सोनकी, कवला यांची नाजूक रोपे दबून जातात. बी जूनमध्ये टाकावे. कॉसमॉस सुंदर दिसतो, पण तो मूळचा मेक्सिकोचा आहे.

उत्तर २ : बी कास पठारावरून आणू नये, ते २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे.

उत्तर ३ : गाजरगवत फुलण्यापूर्वीच उपटावे. कापणी बी गळून पडल्यावरच करावी. वळणावर मात्र वाहनचालकांना समोरचे दिसावे म्हणून झाडोरा आखूडच ठेवावा.