मदत हवी आहे: काचेच्या बाटलीत ठेवलेलं अमोनियम हेक्साफ्लोरोगॅलेट पावसाळ्याआधी कुठं हलवू?

नमस्कार मंडळी, सांगलीतल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट आहे मी, बारा वर्षं झाली. परवा स्टोअर आवरायला काढलं तर मागच्या रॅकवर एक छोटी बाटली सापडली, १० ग्रॅम अमोनियम हेक्साफ्लोरोगॅलेट, त्यावर संक्षारकचं ते हातावर थेंब पडल्याचं चिन्ह. मागं एक पीएचडीचा मुलगा त्यापासून गॅलियम नायट्राइड (एलईडीत लागतो तो अर्धवाहक) करायचा, त्यानं उरलेला माल मूळ प्लास्टिकमधून काढून काचेच्या बाटलीत भरलाय, का ते आता कुणाला विचारणार. उजेडात धरून बघितली तर खालची दोन बोटं काच पांढुरकी, ताकाचा ग्लास न धुता वाळवल्यासारखी, बाहेरून पुसून जात नाही म्हणजे फ्लोराइडनं आतून खाल्लीय. पावडरीचे खडे झालेत आणि झाकणाच्या आट्यांवर पांढरा थर आलाय.

आणि आमच्या मावशी तोच रॅक उघड्या हातानं पुसत होत्या! फडकं तिथंच ठेवायला लावून त्यांचा हात चांगली पंधरा मिनिटं नळाखाली धरला. त्या म्हणाल्या, "अवो सर, आग न्हाई काय न्हाई, कशाला एवढं." पण फ्लोराइडचं हेच वाईट, कधीकधी कित्येक तास काही दुखत नाही आणि तोवर ते आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम धरतं. या मिठात (म्हणजे बाटलीतल्या क्षारात) गॅलियम २९ टक्के आणि फ्लोरिन जवळजवळ ४८ टक्के, म्हणजे नाव गॅलियमचं असलं तरी भीती फ्लोराइडची. रात्री दोनदा फोन करून विचारलं, मावशी ठीक आहेत.

आता अडचण अशी की आमचं स्टोअर तळमजल्यावर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा खालचे दोन रॅक पाण्यात होते, त्यामुळं जूनच्या आत हे वर न्यायचंच. खरवडून प्लास्टिकच्या बाटलीत काढू का आहे तसंच ठेवू? फ्लोराइड कातडीला लागलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल मिरजेत तीन मेडिकलला विचारलं, इंजेक्शन आहे म्हणतात, जेल नाही. आणि एम.एस्सी.ची एक मुलगी नायट्राइडसाठी हेच मीठ नव्यानं मागवा म्हणतीय, डीलर नुसता थांबा म्हणतो. चीननं ऑगस्ट २०२३ पासून गॅलियमच्या निर्यातीला परवाना लावला आणि जगातलं कच्चं गॅलियम बहुतेक तिथलंच, तेव्हा त्याला तरी काय बोलणार.

प्रतिसाद (सातारा, एमआयडीसी):
दादा, खरवडू अजिबात नका, काच आतून कमजोर झाली असेल तर हातात फुटेल. बाटली न उघडता तशीच रुंद तोंडाच्या एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) डब्यात घाला, घट्ट झाकण, वर मोठं लेबल, आणि ॲसिडच्या कपाटापासून लांब ठेवा कारण ॲसिड लागलं की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. ते फडकं आणि ग्लोव्ह्जपण वेगळ्या पिशवीत बांधून घातक कचऱ्यात द्या, बेसिनमध्ये धुऊ नका. सांडलंच तर कॅल्शियम क्लोराइडचं पाणी टाका, फ्लोराइड खाली बसतं. चुना घातला तरी बसतं, पण अमोनिया असा सुटतो की बंद खोलीत उभं राहवत नाही. जेल आम्ही लॅब सेफ्टीचं सामान विकणाऱ्याकडून घेतो, २.५ टक्क्यांचं, एक्सपायरी बघून घ्या. आणि त्या मुलीला गाइडना विचारायला सांगा, गॅलियम ऑक्साइड अमोनियाच्या झोतात तापवूनही नायट्राइड होतं, मग फ्लोराइड हाताळायचंच कशाला.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. आज दोघांनी मिळून बाटली डब्यात घातली आणि पहिल्या मजल्यावर वेगळ्या कपाटात कुलपात ठेवली. फडकं पिशवीत बांधलंय. मुलीशी बोललो, ऑक्साइड आमच्याकडं २५ ग्रॅम पडूनच आहे, गाइडना विचारून सोमवारी सांगते म्हणाली. जेलची ऑर्डर दिलीय, ते येईपर्यंत मावशींना त्या खोलीत पाठवत नाही.